मावशीच्या हाती सुकाणू

माझी मावशी आयुष्यभर लोकांना दुसऱ्या लोकांशी जोडून देत आली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात ती टेलिफोन ऑपरेटर होती. खोलीत एक टेबल, एक फिरती खुर्ची, भिंतीवर डॉक्टरांच्या ड्युट्यांचा तक्ता आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा पंखा. वरच्या मजल्यांवर माणसं जन्मत होती, मरत होती, बरी होऊन घरी जात होती; मावशी खाली कानाला हेडफोन लावून ‘थांबा, जोडून देते’ म्हणत होती. तिचा आवाज अख्ख्या हॉस्पिटलला पाठ होता, चेहरा मात्र मोजक्यांनाच माहीत. एकदा जिन्यावर तिच्या देखतच एका सर्जननं दुसऱ्याला सांगितलं, की आपली ती फोनवरची बाई चांगली सहा फूट उंच असणार. मावशी माझ्या खांद्याला लागते. ती काही न बोलता खाली उतरून गेली. बोलली असती तर ओळखली गेली असती.

काका, म्हणजे तिचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट अडकली की आतल्या माणसांना मावशी फोनवरून धीर द्यायची आणि काका वर यंत्राच्या खोलीत हातानं चाक फिरवून ती खाली आणायचे. त्यातूनच दोघांचं जमलं. मूलबाळ झालं नाही. माझ्यावर मात्र दोघांनी आईच्या तक्रारीचा विषय होण्याइतके लाड केले.

काकांना पाण्याचं वेड कधी लागलं कोण जाणे. बोटी दुरुस्त करायच्या एका आवारात कुणीतरी टाकून दिलेली जुनी शिडाची बोट त्यांनी पाहिली आणि घेऊन टाकली. मग कित्येक वर्षं त्यांच्या सगळ्या सुट्ट्या तिचं बूड खरवडण्यात गेल्या. आई एकदा ते प्रकरण बघून आली आणि तिनं मावशीला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, की तुझ्या नवऱ्याचं सगळं ठीक आहे ना. मावशी म्हणाली, ताई, दुसरी बाई असण्यापेक्षा हे बरं.

दोघं निवृत्त झाली, तसं घर भाड्यानं देऊन ती एक वर्षासाठी बोटीवर राहायला गेली. मावशीनं आधीच करार करून घेतला होता. स्वयंपाक ती करील, नांगर ती टाकील, वायरलेसवर ती बोलेल. सुकाणूला मात्र हात लावणार नाही. तिला पाण्याची भीती नव्हती, तिरकं होण्याची होती. शिडात वारा भरला की बोट एका अंगावर कलते, हे तिला शंभरदा समजावून झालं होतं. तरी कलली रे कलली की तिचे डोळे गच्च मिटले जायचे. काका सुकाणूचा लांब दांडा काखेत धरून मजेत बसलेले आणि मावशी आतल्या पायरीवर डोळे मिटून, असे त्यांचे पहिले कित्येक महिने गेले.

मग एका छोट्या बेटावर ती दोघं फक्त पाणी भरायला आणि बटाटे-कांदे घ्यायला थांबली होती. बेट म्हणजे एक टेकडी, तिच्या पायथ्याशी घरांच्या दोन-तीन रांगा, एक दगडी धक्का, एक किराणा दुकान, एक दवाखाना. समोर अर्धगोल खाडी, पाणी शांत. संध्याकाळी नांगर टाकला, जेवून झोपली. सकाळी भोंग्याच्या आवाजानं जाग आली. बंदरातला अधिकारी मचव्यात उभा राहून कर्णा तोंडाला लावून सांगत होता, की रोगाच्या साथीमुळे सगळीकडे लॉकडाऊन लागलाय, कुणीही खाडी सोडायची नाही आणि कुणीही बेटावर पाय ठेवायचा नाही.

काकांनी ओरडून विचारलं, की मग करायचं काय?

अधिकाऱ्यानं कर्णा खाली घेतला, जरा विचार केला, पुन्हा वर घेतला. “आहात तिथेच राहा,” तो म्हणाला.

मावशी सांगते, की तेव्हा तिला हसू आवरेना. जमिनीवरच्या सगळ्या जगाला घरात बसायला सांगितलंय, आणि आपलं घर पाण्यावर! या माणसाला सगळे बंदरसाहेब म्हणायचे. माणूस सरळ होता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

खाडीत आणखी दोन बोटी अडकल्या होत्या. एकीवर एक जोडपं आणि त्यांच्या दोन लहान मुली. दुसरीवर एकटाच एक लांब दाढीवाला, ज्यानं दुरुस्तीसाठी आपली डोलकाठी नुकतीच उतरवून आडवी ठेवली होती. सगळ्यांचं सामान किराणा दुकानदार धक्क्याच्या टोकाला खोक्यात ठेवायचा आणि मागे न बघता पळत सुटायचा. तो दुकानदार या बोटवाल्यांच्या फार विरोधात होता. यांच्यामुळे बेटावर रोग येणार, यांना हाकलून द्या, असं तो बंदरसाहेबांना रोज ऐकवायचा. कारण साधंच होतं. त्याच्या बायकोला बरीच वर्षं साखरेचा आजार होता, इन्सुलिनवर होती ती, आणि अशा माणसांना हा रोग झाला तर काही खरं नाही असं त्यानं टीव्हीवर ऐकलं होतं.

बोटीवरचा संसार आम्हाला मावशीच्या फोनवरून कळायचा. आमच्या घराएवढीसुद्धा नाही, आमच्या दिवाणखान्याएवढी जागा. चूल दोन बाजूंनी टांगलेली, म्हणजे बोट डुलली तरी पातेलं सरळ राहतं. टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग. प्रत्येक फळीखाली काहीतरी ठेवलेलं. चहाचा डबा काढायचा तर आधी काकांना उठवावं लागायचं. वीज छतावरच्या सौर पाट्यांमधून यायची, ती वायरलेसला, दिव्याला आणि फोनला पुरायची. आई इकडे चार भिंतींत कंटाळून गेली होती आणि तिकडून मावशी सांगायची, की आज कासव दिसलं, आज काकांची टोपी उडाली आणि तिच्यावर पक्षी बसला. आईला वाटायचं, ही मला जळवायलाच फोन करते.

पाण्यावरून मात्र भांडणं व्हायला लागली. धक्क्याच्या टोकाला एक नळ होता. एका वेळी एकाच बोटीनं तिथे जायचं, असा बंदरसाहेबांचा नियम. पण कुणी कधी जायचं हे ठरेना. एक दिवस सकाळी वायरलेसवर सगळे एकदम बोलायला लागले. दाढीवाला म्हणे मी एकटा आहे म्हणून मला शेवटी ढकलता. मुलींचा बाप म्हणे लहान मुलांचे कपडे धुवायचे की नाही. मध्येच बंदरसाहेब नियम वाचून दाखवायला लागले. वायरलेसवर एकाच्या बोलण्यावर दुसरा बोलला की दोघांचंही ऐकू येत नाही, नुसती खरखर होते.

मावशी कांदा चिरत होती. तिनं सुरी ठेवली, हात पुसला आणि बोलायचं बटण दाबलं.

“लाइनवर एका वेळी एकच,” ती म्हणाली. “आधी दाढीवाले बोला. मग मुलींचे बाबा. बंदरसाहेब, तुम्ही थांबा, मी तुम्हाला जोडते.”

खाडी चिडीचूप झाली. इतक्या वर्षांचा तो आवाज, त्याच्यापुढे भलेभले डॉक्टर आपला नंबर येईपर्यंत थांबलेले. तिथे दाढीवाल्याची काय कथा. सगळ्यांनी क्रमानं आपापलं म्हणणं मांडलं, पाण्याच्या वेळा ठरल्या, आणि शेवटी दाढीवाल्यानं हळूच विचारलं, की उद्यापण असंच करायचं का?

तेव्हापासून रोज सकाळी मावशीची सभा भरायला लागली. आधी कोण कसं आहे ते, मग हवामान, मग दुकानात काय आलंय. मग मुली कालचं चित्र वर्णन करून सांगायच्या. बेटावरही बऱ्याच घरांत मासेमारीचे, बॅटरीवर चालणारे वायरलेस होतेच. हळूहळू तिथली माणसंही ऐकायला लागली. दवाखान्यात एकच नर्स होती, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. ती रोज काहीतरी सांगायची, हात कसे धुवायचे, खोकला आला तर काय करायचं. काकांच्या मते दुकानदारही ऐकत असणार, कारण मावशीनं सभेत सहज म्हटलं की टोमॅटो जरा कडक असले तर बरं, की दुसऱ्या दिवशी खोक्यात कडक टोमॅटो असायचे. दुकानदार बोलला मात्र कधीच नाही.

आणि मग मालाचं जहाज यायचं बंद झालं.

त्या जहाजावरची माणसंच आजारी पडली होती. बेटावर धान्य होतं, मासे होते, पण डिझेल त्या जहाजानंच यायचं. मासेमारीच्या बोटी एकेक करून धक्क्याला लागल्या आणि लागलेल्याच राहिल्या. बेटाची वीजसुद्धा डिझेलच्या जनरेटरवर. ती आधी रात्री जायला लागली, मग दिवसाही. शेवटी उरलेलं डिझेल दवाखान्यासाठी राखून ठेवलं. तेही संपत आलं, तेव्हा सिस्टरनं सभेत विचारलं, की कुणाच्या टाकीत थोडंफार असेल तर द्याल का?

आमच्या काकांच्या बोटीलाही छोटं इंजिन होतं, बंदरातून आत-बाहेर करण्यापुरतं. काकांनी टाकी उपसून सगळं कॅनमध्ये भरलं, होडकं वल्हवत धक्क्यावर गेले आणि कॅन वर चढवताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. कॅन वाचला. उजवं मनगट मात्र असं काही मुरगळलं की सिस्टरला हातमोजे घालून धक्क्यावर यावं लागलं. तिनं दोन फळ्यांत मनगट आवळून बांधलं आणि सांगितलं, की हाड मोडलं असावं, या हातानं चमचासुद्धा उचलायचा नाही.

त्या डिझेलवर जनरेटर थोडाच काळ चालला. तो बंद पडला आणि दवाखान्याचा फ्रीज उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात बंद राहिला. काही दिवसांनी सकाळच्या सभेत सिस्टरचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ती म्हणाली, की फ्रीजमधलं इन्सुलिन खराब झालंय, आता त्याचा भरवसा नाही. बेटावर ते लागणारी काही माणसं आहेत. बाकीच्यांचं गोळ्यांवर थोडं निभेल, पण दुकानदाराच्या बायकोला ते वेळेवर मिळालं नाही तर ती बेशुद्ध पडेल. समोरच्या मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलशी बोलणं झालंय. इन्सुलिन आहे, ते धक्क्यापर्यंत आणून द्यायलाही तयार आहेत. पण त्यांची लाँच रुग्णांना घेऊन लांब गेलीय आणि तिथल्या होड्यांनाही डिझेल नाही.

मोठं बेट दिसत होतं की समोर. स्वच्छ हवेत त्याच्यावरची घरंसुद्धा दिसायची. वारा बरा असला तर शिडाच्या बोटीनं सकाळी निघून दुपारी पोचावं, संध्याकाळी परत यावं.

सगळ्यांच्या मनात तोच हिशेब चालू होता. दाढीवाल्याची डोलकाठी आडवी. जोडप्याच्या बोटीत दोन लहान मुली, त्यांना घेऊनही जाता येईना, आणि एका बोटीवरच्यानं दुसरीवर चढायचं नाही हा नियम, म्हणून दुसरीकडे ठेवताही येईना. राहिली काकांची बोट, आणि काकांचा हात गळ्यात. काका मावशीकडे बघत होते, मावशी वायरलेसकडे.

तेव्हा एक नवाच आवाज आला. घसा खाकरून कुणीतरी बोललं. “मी दुकानदार बोलतोय,” तो म्हणाला. पुढे त्याला काही बोलताच आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत राहिला, मग तोही बंद झाला.

मावशीनं बटण दाबलं. “सिस्टर, हॉस्पिटलला कळवा. आम्ही निघतोय.”

काका म्हणाले, “अगं, निघतोय म्हणजे कोण?”

“मी,” मावशी म्हणाली. “तुम्ही प्रवासी.”



आता बंदरसाहेबांची परवानगी हवी. नियमात तर साफ लिहिलं होतं, की खाडी सोडायची नाही. त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला, त्या साहेबांनी त्यांच्या वरच्यांना लावला, आणि तोवर मावशी शीड वर चढवायचे दोर मोकळे करत होती. काका मागे बसून सांगत होते, हा नाही, निळा. हा आधी, तो नंतर. शेवटी मचव्यातून स्वतः बंदरसाहेब आले. कर्णा नव्हता. ते म्हणाले, की वरून अजून काही आलेलं नाही, येईल तेव्हा येईल, तुम्ही जा. फक्त तिकडे धक्क्यावर उतरू नका. असं बोलून ते स्वतःच इतके चकित झाले, की मचवा वळवायचं विसरून तिथेच तरंगत राहिले.

नांगर मावशीनंच वर घेतला, ते तिचं नेहमीचंच काम. शीड वर गेलं, फडफडलं, मग एकदम गप्प होऊन फुगलं आणि बोट निघाली. मुली आपल्या बोटीच्या टोकाला उभ्या राहून हात हलवत होत्या. दाढीवाला वायरलेसवर ओरडून सांगत होता, की मधल्या पट्ट्यात प्रवाह डावीकडे ओढतो, नाक उजवीकडेच ठेवा.

खाडीच्या तोंडाबाहेर आल्याबरोबर वाऱ्यानं बोट धरली. ती कलली. मावशीचे डोळे सवयीनं मिटले. पण हातात दांडा होता, आणि डोळे मिटून चालणार नव्हतं. तिनं एक उघडला, मग दुसरा. खाली बघितलं, तर पाणी कडेच्या फळीला घासत, हिरवं-पांढरं होत मागे पळत होतं.

“आता दांडा जरा लांब ढकल,” काका म्हणाले.

तिनं ढकलला. बोट थोडी सरळ झाली.

“आता स्वतःकडे घे.”

घेतला. बोट पुन्हा कलली आणि वेगानं पुढे सरकली. मावशीनं पुन्हा ढकलला, पुन्हा घेतला. दोन-चारदा असं झालं आणि तिच्या लक्षात आलं, की हे कलणं आपोआप होत नाहीये, ती कलवतेय. हवं तेवढं, हवं तेव्हा. मला हे सांगताना ती अजूनही हातवारे करते आणि तिच्या हातातला कप सांडतो. “अगं, इतके महिने मला वाटत होतं बोट मला पाडायला बघतेय,” ती म्हणते. “ती बिचारी फक्त विचारत होती, जाऊ का म्हणून.”

काका सूचना देत राहिले. उजवीकडे, जरा डावीकडे, शीड ओढ, दोर ढिला कर. मावशीनं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, लाइनवर एका वेळी एकच. आत्ता मी वाऱ्याशी बोलतेय.” काका डाव्या हातानं बिस्किटं खायला लागले.

मोठ्या बेटाच्या धक्क्यावर सगळा चेहरा झाकलेला एक माणूस वाट बघत होता. मावशीनं शीड सैल सोडून बोट हळू केली, पण पहिल्यांदा अंदाज चुकला आणि ती धक्क्यासमोरून तशीच पुढे निघून गेली. त्या माणसानं इन्सुलिन ठेवलेला बर्फाचा डबा हातात धरून तिला जाताना पाहिलं. ती मोठा वळसा घेऊन परत आली. या वेळी पोचली. त्यानं डबा दोरीला बांधून खाली सोडला, काकांनी तो एका हातानं छातीशी धरला. त्या माणसानं वर आलेली दोरी गुंडाळत विचारलं, की तुम्ही कधीपासून बोट चालवता?

“सकाळपासून,” मावशी म्हणाली.

येताना वारा वाढला. दोन बेटांच्या मधल्या पट्ट्यात प्रवाह एकीकडून आणि वारा दुसरीकडून, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या व्हायला लागल्या. बोट नाक वर करायची आणि धाडकन खाली आपटायची. आत एक कपाट उघडलं, सगळे बटाटे जमिनीवर आले आणि इकडून तिकडे घरंगळायला लागले. काका म्हणाले, एवढ्या वाऱ्याला शीड मोठं होतंय, लहान करायला हवं. म्हणजे डोलकाठीपाशी जाऊन ते थोडं खाली उतरवायचं आणि खालचा भाग गुंडाळून बांधायचा. एका हाताच्या माणसाचं ते काम नव्हे.

मावशीनं कमरेचा पट्टा कडेच्या तारेला अडकवला, दांडा काकांच्या डाव्या काखेत दिला आणि गुडघ्यांवर रांगत पुढे गेली. एक लाट अंगावरून गेली. तोंडात, नाकात, कानात पाणी. तिनं डोलकाठीला मिठी मारली, दोर सोडला, शीड खाली आलं. ओलं कापड पोटाशी दाबून धरत तिनं एकेक गाठ मारली. काकांना मागून फक्त तिची पाठ दिसत होती आणि ती पाठ हलत होती. त्यांना वाटलं, रडतेय. ते ओरडले, की राहू दे, ये मागे, काहीतरी करू.

मावशी वळली. ती हसत होती. नखशिखांत भिजलेली, केस तोंडावर आलेले, आणि लहान मुलीसारखी खिदळत होती.

“अहो,” ती ओरडली, “हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

काका म्हणतात, की मी तर कित्येक महिने तेच सांगत होतो. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

ती परत येऊन बसली, दांडा हातात घेतला. बोट आता शहाण्यासारखी चालली होती. ऊन तिरपं झालं होतं, खाडीचं तोंड दिसायला लागलं, टेकडी दिसली, मग घरं. मावशीनं वायरलेस मागितला आणि नेहमीच्या आवाजात कळवलं, की डबा सुखरूप आहे, सिस्टरनं तयार राहावं.

इंजिनाशिवाय खाडीत शिरायचं आणि धक्क्याला लागायचं, ही खरी परीक्षा होती. वारा मागून, वेग भरपूर, आणि समोर दगड. चुकली असती तर पुन्हा वळायला जागाच नव्हती. काका बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटून घेत होते. मावशीनं धक्क्याकडे सरळ न जाता बाजूनं नेलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी दांडा पूर्ण ढकलून नाक वाऱ्यात घातलं. शीड फडफडलं, बोट मंद झाली, आणखी मंद झाली, आणि धक्क्याच्या थोडी अलीकडे जवळजवळ उभीच राहिली. दाढीवाला होडक्यातून दोर फेकणार, तेवढ्यात धक्क्यावरून कुणीतरी पायऱ्या उतरून थेट पाण्यात आलं.

दुकानदार होता. जो खोकं ठेवून मागे न बघता पळायचा, तो छातीभर पाण्यात चालत बोटीपाशी आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. काकांनी डबा त्याच्या हातांत दिला. त्यानं तो डोक्यावर घेतला. मावशीकडे वर बघून त्याला काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलले. मावशी म्हणाली, “पळा आधी.” तो पाणी उडवत पळाला. वर सिस्टर उभीच होती.

बोटींचे भोंगे वाजायला लागले. बेटावरच्या खिडक्यांतून, गच्च्यांवरून, धक्क्यावर दूरदूर उभं राहून लोक टाळ्या वाजवत होते. बंदरसाहेबांनी कर्णा आणला होता. तो तोंडाला लावला, आणि काय बोलावं ते न सुचून तसाच धरून उभे राहिले.

त्या संध्याकाळी आम्हाला मावशीचा फोन आला. एरवी आम्ही विचारायचो आणि ती सांगायची. त्या दिवशी तिनं कुणाला मध्ये बोलूच दिलं नाही. आई नुसती ‘अगं बाई, अगं बाई’ करत होती, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, की ही तीच आहे ना, जी लहानपणी झोपाळ्यावर बसायला घाबरायची?

दुकानदाराची बायको सावरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत ती स्वतः बोलली. बारीक पण खणखणीत आवाज. तिनं सांगितलं, की ती पहिल्या दिवसापासून सभा ऐकतेय, कडक टोमॅटोही तीच निवडायची. नवऱ्याला भाजीतलं काही कळत नाही. खाडीभर हशा पिकला. मग बंदरसाहेबांनी कळवलं, की बोटीवरची माणसं आता बेटावरचीच समजावीत आणि त्यांनी जमिनीवर यायला हरकत नाही. वरून तोवर काही आलं होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

मावशी जमिनीवर उतरली तेव्हा जमीनच हलायला लागली. इतके दिवस पाण्यावर राहिलेल्यांचं तसं होतं. ती दुकानाच्या भिंतीला धरून उभी राहिली आणि दुकानदारानं पळत आतून खुर्ची आणली. हिशेब आता नंतर, असं तो म्हणाला. मावशीनं त्याला नीट बजावलं, की हिशेब आत्ताच, नाहीतर मी आल्या पावली परत जाईन.

जहाज पुढे सुरू झालं, वीज आली. बंदरसाहेबांनी मावशीला त्यांच्या ऑफिसात वायरलेसवर कायमची नोकरी देऊ केली. समुद्राकडे तोंड असलेली छान खोली, नवी खुर्ची. काकांना वाटलं, ती हो म्हणेल. तिनं त्यांना न विचारताच नाही म्हटलं. सकाळची सभा तिनं सिस्टरच्या हवाली केली. दाढीवाल्याची डोलकाठी उभी राहिली, जोडपं मुलींना घेऊन निघून गेलं, आणि बंदी उठली तशी ही दोघंही निघाली. ठरलेलं वर्ष कधीच संपून गेलं होतं. परत यायचं कुणी नाव काढेना.

काकांचं मनगट थोडं वाकडं जुळलं. जोराचा दोर त्यांना आता ओढवत नाही. म्हणून स्वयंपाक त्यांच्याकडे आलाय. ते भाजी करपवतात आणि वारा जास्त होता म्हणतात.

मागच्या सुट्टीत मी एका बंदरात त्यांना गाठलं. मावशी उन्हानं रापली होती, पायात चपला नव्हत्या. मिठी मारून झाल्यावर तिनं माझी बॅग एका फळीखाली कोंबली आणि काकांना हाक मारली, की नांगर घ्या. बंदराबाहेर पडलो, शिडात वारा भरला आणि बोट एका बाजूला कलली. मी जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. माझे डोळे मिटले होते.

“उघड,” मावशी म्हणाली. “आणि इकडे वरच्या बाजूला सरक. वजन हवंय.”